सुईणीच्या दिवसाची कहाणी

ऐका सटवाई माउली, तुझ्या दिवसाची कहाणी. हातात अक्षता घ्या, बायांनो, आणि कुजबुज थांबवा. ही कहाणी सांगताना मला दर वर्षी घाम फुटतो, तुम्हांलाही फुटू दे.

आटपाट नगर होतं, आणि त्या नगरात रोज सण होता. रोज म्हणजे रोज! वर्षाच्या तीनशे साठ तिथी, एकही मोकळी नाही. ही रीत कुठून आली, तेही सांगते.

तिथली राणी निपुत्रिक होती. नवससायास झाले, उपासतापास झाले, कूस काही उजवेना. एके दिवशी दारी एक म्हातारी आली. पांढरे केस, कमरेत वाकलेली, कानाला बोरू खोचलेला. राणीनं तिला पाट दिला, पाणी दिलं, आपलं दुःख सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मुली, मी सांगते तो वसा घे. ज्यांच्या जिवावर तुझं नगर चालतं, त्यांचा वर्षातून एकेक दिवस पाळ. आधी त्याच्याजवळ जावं, तुला काय हवं म्हणून विचारावं. तो सांगेल ते करावं, मग त्याला पुजावं. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस." असं म्हणाली आणि दिसेनाशी झाली. ती कोण ते तुम्ही ओळखलंतच. पाचवीला बाळाच्या कपाळी लिहिणारी दुसरी कोण?

मग राणीनं वसा घेतला. पण कसा घेतला? पुजायचं तेवढं लक्षात ठेवलं. विचारायचं ते सोडलं. म्हणाली, "मी राणी. गवळ्याला, कोळ्याला, सुईणीला मी काय विचारायचं? त्यांना काय हवं ते मला कळत नाही का?" अर्धा वसा घेतला, बायांनो, अर्धा!

मग दवंडी पिटली. आज उंबऱ्याचा दिवस, उद्या केरसुणीचा, परवा उखळाचा. एक दिवस कावळ्याचा, एक शेजारणीचा. मिशांचासुद्धा एक दिवस होता, काय म्हणावं! ज्याचा दिवस त्याला हळदकुंकू, हार, नैवेद्य. आणि ज्याचा दिवस त्याला विसावा. त्या दिवशी त्यानं कामाला हात लावायचा नाही. लावला तर त्याला नगराची वेस बंद.

सटवाईला अर्ध्या वशाचीही दया आली. राणीच्या मनात श्रद्धा आहे, आज ना उद्या उरलेला अर्धा पाळील, असं तिला वाटलं.

मग गाईचा दिवस आला. गाईच्या शिंगांना सोनेरी बेगड लावली, गळ्यात हार घातले. आणि दूध काढायचं नाही! दुपारपर्यंत गाईंच्या कासा दगडासारख्या झाल्या. वासरंही दूर बांधलेली, कारण पाजणं हेही गाईचं कामच. सारं नगर हंबरड्यांनी भरलं. गवळण रडत राणीकडे आली. "बाईसाहेब, काढू द्या हो दूध, गाय मरेल." राणी म्हणाली, "आज तिचा दिवस. मानाला बट्टा लावू नकोस." शिव शिव! गाय ओरडते आणि ही म्हणते मान!

मग विहिरीचा दिवस आला. विहिरीला नवं लुगडं वाहिलं, काठावर दिवे लावले. आणि पोहरा टाकायचा नाही! त्याच दिवशी कुंभाराचा आवा भडकला, छपरानं पेट घेतला. कुंभारीण धावत राणीकडे आली. "बाईसाहेब, चार घागरी पाणी काढू द्या." राणी म्हणाली, "आज तिचा दिवस. मानाला बट्टा लावू नकोस." घर जळालं. लोक विहिरीच्या काठावर हात जोडून उभे, आणि समोर घर जळतंय! अगबाई, ऐकवत नाही.

मग सुईणीचा दिवस आला. नगरात सुईण एकच, भिवरा तिचं नाव. अर्धं नगर तिच्याच हातावर जन्मलेलं. तिला पालखीतून आणली, चौरंगावर बसवली. पायांवर दूध घातलं, ओटी भरली. दोन्ही हातांना हळद लावली आणि रेशमी गोफानं मनगटं एकत्र बांधली, हातांना विसावा म्हणून. भिवरा काकुळतीनं म्हणाली, "बाईसाहेब, आज मला सोडा. माझ्या घरी..." राणीनं हसून तिच्या तोंडात पुरणाचा घास भरला. म्हणाली, "आज तुझा दिवस. आज बोलण्याचेही कष्ट नकोत." मग शिपायांना सांगितलं, "दिवस मावळेपर्यंत हिला उठू देऊ नका. कुणी आलं, अगदी माझं नाव घेऊन आलं, तरी उठू देऊ नका. दर वर्षी हेच पाळा." भिवरा घास गिळेना, थुंकेना. डोळ्यांतून धारा लागल्या. लोक म्हणाले, "पाहा, आनंदानं रडतेय."

पुढं सटवाईच्या दयेनं राणीला दिवस गेले. नगरात साखर वाटली. ओटीभरण झालं, डोहाळजेवण झालं, नऊ महिने भरले. आणि कळा कधी सुरू झाल्या? त्याच तिथीला. सुईणीच्या दिवशी, भर दुपारी.

राणी म्हणाली, "भिवराला बोलवा." दासी चौकात धावली. भिवरा चौरंगावर बसलेली, हात बांधलेले, गळ्यात हार. दासी म्हणाली, "राणीसाहेबांनी बोलावलंय." शिपाई म्हणाला, "राणीसाहेबांचाच हुकूम आहे, त्यांचं नाव घेऊन आलं तरी उठू द्यायचं नाही." दासी परत गेली.

दुसऱ्यांदा आली. "मूल आडवं आलंय, राणीसाहेब ओरडताहेत." शिपाई म्हणाला, "हुकूम आहे."

तिसऱ्यांदा आली. "राणीसाहेब आता ओरडतही नाहीत." शिपायाची मान खाली गेली, पण भाला काही हलला नाही.

मग भिवरानं काय केलं? गोफाला दात लावले आणि करकर तोडला. हार काढून शिपायाच्या भाल्याला अडकवला. म्हणाली, "वेस बंद करायची तर करा. आज नाही बसायची मी." चौरंगावरून उतरली आणि हळदीच्या हातांनी वाड्याकडे धावली. लोक तोंडावर पदर धरून बघत राहिले. सुईणीनं आपलाच दिवस मोडला!

राणी गार पडली होती. भिवरानं हात धुतले, तेल लावलं, पोटावरून मूल वळवून घेतलं. घटकाभरानं मुलगी झाली, निळी आणि मुकी. भिवरानं तिला उलटी धरली, पाठीत थापटलं, तोंडात फुंकर घातली. एकदा, दोनदा, तीनदा. मग मुलगी रडली. राणीनं डोळे उघडले.

राणी म्हणाली, "भिवरा, माझे दोन जीव वाचवलेस. तुला काय हवं?"

बायांनो, तीनशे साठ दिवस पुजले, पण हा प्रश्न राणीनं आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

भिवरा खाली बसली. म्हणाली, "बाईसाहेब, हे मागच्या वर्षी विचारायचं होतंत. याच दिवशी माझी मंजुळा अडली होती. माझ्याच घरात, माझीच लेक. मी चौरंगावर होते, तोंडात तुमचा घास होता. संध्याकाळी गोफ सुटला तेव्हा घरी गेले. आई आणि मूल, दोघंही गेलेली."

दासीच्या हातातलं घंगाळ खाली पडलं. राणी कशीबशी म्हणाली, "तरी तू आलीस?"

भिवरा म्हणाली, "आत बाळंतीण होती. मी सुईण आहे."

राणी बाळंतिणीच्या बाजेवरून उतरली, भिवराच्या पायांवर पडली, हंबरून रडली. सटवाईची करुणा भाकली, "माते, मी अर्धा वसा घेतला, पुरा घेते. मंजुळा परत दे." पण कहाण्यांत मेलेली माणसं उठतात, तशी मंजुळा उठली नाही. सटवाई येऊन दाराशी उभी राहिली, तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "लिहिलेलं मला पुसता येत नाही. विचारायला तुला येत होतं."

मग भिवरानं मागणं मागितलं. "हा दिवस माझा नको, माझ्या मंजुळाचा असू दे. या दिवशी कुणी कुणाचे हात बांधू नका. सुईण बोलावली तर वाट सोडा."

तसं झालं. वेस उघडी राहिली. राजकन्येचं नाव मंजुळा ठेवलं. ज्याचा दिवस त्याच्या दारी राणी आधी जाऊ लागली, विचारू लागली, मग पुजू लागली. गवळण म्हणाली, दूध काढू द्या. कुंभारीण म्हणाली, छप्पर घालून द्या. एक म्हातारी म्हणाली, मला काही नको, जरा बस. राणी बसली.

जशी सटवाई राणीच्या लेकीला पावली, तशी तुम्हां-आम्हां लेकीबाळींना पावो. जे भिवराच्या वाट्याला आलं, ते वैऱ्याच्याही न येवो. तीनशे साठ दिवसांची ही कहाणी एका दिवसात सुफळ संपूर्ण.

थांबा, अक्षता इतक्यात टाकू नका. ही सवाष्ण सकाळपासून पाटावर बसवलीत, हिचं मूल घरी पाळण्यात आहे. हिला कुणी विचारलंत का?