टाचेवरचा भार

एकदा एका कलाशाळेत असे घडले, की सर्वांत हुशार विद्यार्थिनीच्या हातातील चित्र काढायचा कोळसा तिच्या गुरूंनीच काढून घेतला.

ही मुलगी रेखांकनाच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होती. पदवी परीक्षेत ती पहिली आली होती आणि त्याचा तिला यथास्थित अभिमान होता. का नसावा? समोरची व्यक्ती दहा मिनिटांत कागदावर उतरत असे, आणि प्रमाणात केसाचाही फरक पडत नसे. अंतिम प्रदर्शनाला आता एक महिना उरला होता. मुख्य चित्र गुरूंनी मान्य केले तर ते भिंतीवर लागणार, नाहीतर आणखी एक वर्ष याच वर्गात काढायचे.

ते चित्र हौसाबाईंचे होते. गेली बावीस वर्षे हौसाबाई त्या कलाशाळेत मॉडेल म्हणून बसत होत्या. एक पाय दुमडलेला, दुसऱ्याचा गुडघा वर, अंग मागे रेललेले आणि डावा तळहात मागे टेकलेला, अशी त्यांची बैठक मुलीने काढली होती.

वृद्ध गुरूंनी चित्र बराच वेळ पाहिले. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी तिच्या हातातला कोळसा काढून घेतला आणि म्हणाले, "उद्यापासून तीन दिवस हौसाबाईंच्या जागी तू बस. अगदी अशीच. पहिल्या वर्षाची मुलं तुझं चित्र काढतील."

मुलीचा चेहरा उतरला. "सर, मी इथे चित्रं काढायला आलेय, बसायला नाही."

"बसता येतं का, ते तरी बघू," गुरू म्हणाले.

शाबासकीची चटक फार वाईट. ती भल्याभल्यांना सुटत नाही, तिथे तेवीस वर्षांच्या मुलीची काय कथा! रात्रंदिवस मेहनत करून शेवटी ही शिक्षा, असेच तिला वाटले. पण गुरूंचा शब्द मोडण्याची त्या शाळेत रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुकाट्याने लाकडी चौथऱ्यावर जाऊन बसली.

पहिली पाच मिनिटे मजेत गेली. दहाव्या मिनिटाला मनगट ठणकू लागले. पंधराव्याला खांदा खाली सरकला, कंबर कलली आणि समोरची मुले कुजबुजली, "ताई हलतायत." हौसाबाईंनी जरा मान वळवली तरी कपाळाला आठ्या घालणारी ही मुलगी! अर्ध्या तासाची बैठक तिने अठराव्या मिनिटाला मोडली. शरमेने तिला वर बघवेना.

हौसाबाई कोपऱ्यात चहा पीत बसल्या होत्या. त्या कप ठेवून जवळ आल्या.

"पोरी, समदा भार हातावर टाकतीस व्हय? मनगट मोडंल की! हाताचा निस्ता आधार. भार कमरंवर, आन् कंबर थकली की गुडघा वर हाय त्या पायाच्या टाचंवर घ्यायचा. बघनाऱ्याला कळू द्यायचं न्हाई."

"मावशी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कोन शिकिवतंय? बावीस वर्सं झाली, एकदाबी बैठक मोडली न्हाई मी." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

तिसऱ्या दिवशी मुलगी पूर्ण अर्धा तास न हलता बसली. उठताना तिचा पाय बधिर झाला होता आणि चेहरा उजळला होता. तेव्हा गुरूंनी कोळसा तिला परत दिला.

ते म्हणाले, "तुझं चित्र चुकलं नव्हतं. पदवीच्या परीक्षेत मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण त्यात टाच जमिनीला नुसती लागली होती. डोळ्याला आकार दिसतो, भार दिसत नाही. तो ज्यानं सोसला त्यालाच ठाऊक असतो. पदवीपर्यंत आम्ही डोळा तयार करतो. त्यापुढचं शिक्षण एकट्या डोळ्याला झेपत नाही. या चौथऱ्यावर एक बाई बावीस वर्षं कष्ट करते आहे, आणि तुला वाटत होतं ती नुसती बसली आहे."

मुलीने नवा कागद लावला आणि हौसाबाईंना पुन्हा बसण्याची विनंती केली. या वेळी रेषा थोड्याच होत्या. तळहात तिने अगदी हलका ठेवला. टाचेखाली मात्र कोळसा इतका दाबला, की कांडी मोडली.

गुरूंनी चित्र पाहिले, पण आपले मत दिले नाही. त्यांनी हौसाबाईंना पुढे बोलावले. हौसाबाईंची नजर चेहऱ्यावरून झरझर खाली आली आणि पायाशी थांबली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हितंच दुखतंय. हिला घावलं."

गुरूंनी चित्र मान्य केले.

प्रदर्शनाच्या दिवशी मोठमोठे चित्रकार मुलीचे कौतुक करीत होते. तिला अभिमान वाटत होता, आणि तो लपवावा असेही वाटत नव्हते. पण तिचे लक्ष भिंतीकडे होते. तिथे हौसाबाई ठेवणीतले लुगडे नेसून चित्राशेजारी उभ्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होत्या, "ही मी हाय. बसले न्हाई, कामावर हाय."