वाटीतली कवळी

एकदा एका पेठेच्या गावी गुळाचा एक व्यापारी राहत होता. त्याचा सारा व्यापार जिभेवर चाले. ढेपेचा कण तोंडात टाकला की गूळ अस्सल की खारट, हे तो डोळे मिटून सांगे. त्याच जिभेवर एकाएकी पांढरे चट्टे उठले. तोंडाची आग होऊ लागली, गिळताना घसा दुखू लागला आणि चांगला पिवळाधमक गूळही मातीसारखा लागू लागला.

गावात एक वृद्ध दंतवैद्य होते. त्यांच्या शिष्येने व्यापाऱ्याला तपासले. पोरगी हुशार. बुरशीचा संसर्ग तिने अचूक ओळखला, औषधही योग्य तेच दिले.

"काका, झोपताना कवळी काढून ठेवता ना?"

"हो, हो, रोज!"

चट्टे गेले आणि पुन्हा आले. औषध बदलले, तरी तेच. "डॉक्टरीणबाई, जीभच गेली तर मी पेठेत बसू कशाला?" व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. शिष्येला अपराधी वाटले. ती त्याला गुरूंकडे घेऊन गेली.

गुरूंनी त्याला तोंड उघडायला सांगितले नाही. त्यांनी पाण्याची वाटी पुढे ओढली, स्वतःच्या तोंडात बोटे घातली आणि कवळी काढून वाटीत ठेवली. त्यांचा भारदस्त चेहरा क्षणात बोळका झाला. इतकी वर्षे हाताखाली शिकूनही शिष्येला याचा पत्ता नव्हता. ती बघतच राहिली.

"उकडतंय फार, शेठ," गुरू फुसफुसत म्हणाले. "तुम्हीही मोकळे व्हा."

व्यापारी आधी ओशाळला, मग खो खो हसत सुटला, आणि पाठ वळवून त्याने आपली कवळी काढली. आतल्या बाजूला बुळबुळीत पांढरा थर होता. टाळू लालभडक झाली होती.

"झोपेतसुद्धा काढत नाही हो," तो पुटपुटला. "बायकोनंही मला असं पाहिलेलं नाही."

गुरू शिष्येकडे वळले. "ही बुरशी निरोगी तोंडातही थोडीफार असतेच, बाळ. एरवी ती निमूट राहते. ओल, ऊब आणि आडोसा मिळाला की माजते. तुझे औषध जिभेपर्यंत पोचले, आडोशापर्यंत पोचले नाही. कवळी रोज घासायची, झोपताना पाण्यात ठेवायची, औषध तिलाही लावायचे. आणि शेठ, रक्तातली साखर तपासून घ्या."

"पण मी विचारलं होतं, गुरुजी! ते माझ्याशी खोटं का बोलले?"

"तू विचारलंस तेव्हा तुझे सगळे दात जागच्या जागी होते."

शिष्येला ते मनापासून पटले.

पुढे व्यापारी गुळाचा खडा घेऊन आला. जीभ पूर्ववत झाली होती, स्वारी खुशीत होती. सोबत त्याची पत्नीही होती.

"यांनी वाटी ठेवली ना, तेव्हा मलाही धीर आला," ती पदराआड हसत म्हणाली. "माझीही कवळी आहे, माहेरी जाऊन बसवलेली, यांना ठाऊकच नव्हती. आता आमच्या फळीवर दोन वाट्या असतात."