खग्रास ग्रहण आणि तुळशीचं पान

खग्रास ग्रहण बघायला टेकडीवर गर्दी लोटणार, म्हणून गोदाक्काने आपल्या झुणका-भाकरीच्या टपरीत पीठ आणि सरपण भरून ठेवलं. आदल्या दिवशी सरपंच आबासाहेब चार माणसं घेऊन आले.

"अक्का, ग्रहणात अन्नाला विष चढतं. उद्या टपरी बंद ठेव!"

एरवी रस्त्यात ओळखही न देणाऱ्या माणसाला आज एवढा कळवळा कुठून आला? अक्काला संशय आला. तिने सहज विचारलं, "आणि तुमचं हॉटेल?"

"ते उघडं राहील. आम्ही पातेल्यांत तुळशीपत्र घालतो."

"मग मीही घालते की! का तुळस मालक बघून विष उतरवते, आबासाहेब?"

सोबतची माणसंच आधी हसली. आबासाहेबांनी तिथून काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंधारलं, तेव्हा अक्काच्या तव्यावर भाकरी फुगत होती.