तळ्याचा फेरा

एका मोठ्या शहरात शालन घोडके नावाची बाई पिठाची गिरणी चालवत असे. वय चौपन्न. एकदा गिऱ्हाइकाने दळणाच्या डब्यावर झाकण म्हणून घातलेल्या वर्तमानपत्रात तिने शहरातल्या मॅरेथॉनची बातमी वाचली. बेचाळीस किलोमीटर. तिच्या मनात आलं, आपण दिवसभर पायांवर उभ्याच असतो, एकदा धावूनही बघू.

वर्षभर ती पहाटे धावली. सुरुवातीला कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंतच धाप लागायची. मग दवाखाना मागे पडला, पूल मागे पडला. तिचं पाहून शेजारचे वह्या-पुस्तकांचे दुकानदार मोरेश्वर खांबेटेही येऊ लागले.

शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेपाचला हजारो लोक निघाले. बारा वाजेपर्यंत पोचणाऱ्याला पदक मिळणार होतं. नंबर टिपून घेणारे फक्त सुरुवातीला आणि शेवटी बसले होते.

सत्तावीस किलोमीटरपर्यंत दोघं मजेत धावली. तिथे एका चौकात पाण्याचा तंबू होता. चौकातून डावीकडे वळायचं, तळ्याला पाच किलोमीटरचा फेरा घालायचा आणि पुन्हा त्याच चौकात यायचं, असा मार्ग होता. जाणारे आणि येणारे एकाच तंबूत पाणी पीत होते. त्या गर्दीत ही दोघं तळं करून आलेल्यांबरोबर भलत्याच बाजूने बाहेर पडली. किलोमीटरभर गेल्यावर पाटी दिसली : तेहतीस.

शालन थांबली. "मोरूभाऊ, आपलं तळं राहिलं."

मोरेश्वरांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "ताई, आपण काही मुद्दाम नाही केलं. तंबूच तसा बांधलाय. चला आता."

शालनच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. सुनेने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की आई पदक घेऊन येणार. मागे फिरलं तर बाराच्या आत पोचणं शक्य नव्हतं. ती क्षणभर पुढच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"कोणाला कळणार आहे?" मोरेश्वर म्हणाले.

"मला कळलंय ना," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं." आणि ती उलट्या दिशेने धावू लागली.

ती चौकात परत येईपर्यंत शेवटचे धावणारेही पुढे गेले होते आणि तळ्याचा रस्ता रिकामा झाला होता. पाण्याची पिंपं उचलून टेम्पोत चढवत होते. वळणावर शाळेच्या मुलींचं लेझीम पथक झाडाखाली पोहे खात बसलं होतं. एकटी बाई धावत येताना पाहून एक मुलगी उठली. मग सगळ्या उठल्या. हात पुसून त्यांनी लेझीम घेतली आणि त्या एका बाईसाठी पुन्हा पहिल्यापासून खेळल्या. शालनला हसू आवरेना. तीही दोन पावलं त्यांच्यात नाचली. एका आजोबांनी मीठ लावलेली संत्र्याची फोड तिच्या हातावर ठेवली. "शेवटची आहे," ते म्हणाले, "तुमच्याच नावाची असणार." तळ्यावर बगळे उतरले होते. पाय दुखत होते, पण मन इतकं हलकं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

ती पोचली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पदकांचे खोके गेले होते. शर्यतीच्या शेवटी उभारलेली कमान सोडणारा माणूस शिडीवर होता. तिला पाहून त्याने दोरी घट्ट धरली आणि खालच्याला म्हणाला, "थांब रे, बाई येतायत." कमानीखालून शालन हसत गेली. सुनेने तिला मिठी मारली. चौकापर्यंत जाऊन-येऊन तिचे दोन किलोमीटर जादाच झाले होते.

संध्याकाळी गल्ली गिरणीपाशी जमली. मोरेश्वर पदक घालून शर्यत सांगत होते. सुरुवातीची गर्दी, पूल, उड्डाणपुलाचा चढ, सगळं रंगवून सांगितलं. मग शिंपीणकाकूंनी विचारलं, "तळ्यापाशी कसं होतं हो?"

मोरेश्वरांनी शालनकडे पाहिलं. ती त्यांच्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तिने लेझीम सांगितली, संत्र्याची फोड सांगितली, बगळे सांगितले. ऐकता ऐकता पोरंटोरं लेझीम खेळल्यासारखी नाचू लागली. मोरेश्वरांनी गळ्यातलं पदक काढलं आणि म्हणाले, "मी तळं पाहिलंच नाही. मधूनच पुढे गेलो." शालनने त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

पुढच्या रविवारी पहाटे ते गिरणीच्या दारात उभे होते. "ताई, तळ्याचा फेरा दाखवता का?"

दोघं निघाली. तळ्याचे पाच किलोमीटर पुरे झाल्यावर मोरेश्वर चौकातल्या कट्ट्यावर धापा टाकत बसले आणि लहान मुलासारखे हसले.

तात्पर्य: जेवढी वाट आपण खरोखर पार केली, तेवढ्याच वाटेचा आनंद आपला असतो.