राणीनं घटिकापात्र पालथं घातलं, त्याची कहाणी

ऐक जिवतीबाई, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, बोलणं थांबवा. आटपाट म्हणावं असं एक नगर, तिथं एक राजा, त्याची राणी हेमावती. बारा वर्षांनी तिला मुलगा झाला. साखर वाटली, तोरणं बांधली. मग राजानं काय केलं? राजजोशाला बोलावलं. जोशी म्हणाला, राजाचं मूल, त्याचं सगळं वेळेवर हवं. बाळंतिणीच्या दारात पाण्याचं घंगाळ ठेवलं, त्यात घटिकापात्र सोडलं. बुडाला भोक असलेली ती वाटी, भरली की बुडायची. दहादा बुडाली की दासीनं घंटा वाजवायची, मग राणीनं पाजायचं. त्याआधी नाही.

पहिल्या दिवशी बाळ मुठी चोखू लागलं. वाटी तीनदाच बुडाली होती, राणी थांबली. दुसऱ्या दिवशी बाळ मान वळवून पदर शोधू लागलं. वाटी पाचदा बुडाली होती, राणी थांबली. तिसऱ्या दिवशी बाळ रडून रडून निपचित पडलं. घंटा वाजली तर ते प्यायला उठेना. मग राणीचं दूध आटू लागलं, बाळ सुकू लागलं. सुईण म्हणाली, लक्षण बरं नाही.

इतक्यात मागल्या दारी एक लेकुरवाळी ताक मागायला आली. तिच्या कडेवरच्या पोरानं मूठ तोंडात घातली, तशी ती पायरीवरच बसली आणि पाजू लागली. राणीनं विचारलं, "बाई, तुझी घंटा कुठं आहे?"

"घंटा कशाला? पोर सांगतंय की."

राणीनं पाय धरले, वसा मागितला. बाई म्हणाली, बाळानं मूठ चोखली की हातातलं टाकावं, पाजावं. एक बाजू पोटभर पिऊ द्यावी, मग दुसरी द्यावी. ढेकर काढावा, उताणं निजवावं, आपणही निजावं. घरच्यांनी बाळंतिणीला गरम जेवण हातात आणून द्यावं. सहा महिने नेम धरावा, उष्टावण करून उद्यापन करावं.

राणी धावत आत गेली. जोशी आडवा आला, वाटी अजून आठदा बुडायची आहे म्हणाला. राणीनं घटिकापात्र उचललं आणि पालथं घातलं! बोटावर दूध काढून बाळाच्या ओठांना लावलं. बाळानं ओठ चाटले. पुन्हा लावलं, डोळे उघडले. तिसऱ्यांदा लावलं, तोंड उघडलं. मग काय विचारता, बाळ पिऊ लागलं, गळ्याचा गुटुक गुटुक आवाज दारापर्यंत आला. राजा रागानं येत होता, तो आवाज ऐकून उंबऱ्यातच थांबला. म्हणाला, "मी काय करू?"

राणी म्हणाली, "भूक लागली आहे. ताट आणा."

राजानं स्वतः ताट आणलं. हसू नका गं, घरी जाऊन सांगा. दिवसाला दहादा, बारादा, बाळ मागेल तेव्हा राणीनं पाजलं. दूध वाढलं, बाळ बाळसं धरू लागलं, पिऊन झालं की शांत निजू लागलं.

सहा महिने भरले. खीर शिजली, जोशी पंचांग उघडून मुहूर्त शोधू लागला. शोधतोय, शोधतोय, तोवर मांडीवरच्या बाळानं वाटीत हात घातला आणि खिरीनं भरलेली मूठ तोंडात कोंबली. सगळे जोशाकडे बघू लागले. जोशानं पंचांग मिटलं. म्हणाला, "मुहूर्त लागला."

लेकुरवाळीच्या रूपानं येऊन जिवतीबाई जशी हेमावतीला पावली, तशी इथल्या लेकीसुनांना पावो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो.