ओरडत नाही त्याचं दुखणं

सांबरगडचे राजे रुद्राजीराव यांना भर पंगतीसमोर आचाऱ्याकडून जिवंत माशाचे खवले काढून घ्यायची भारी हौस. मासा परातीत तडफडायचा आणि राजे पाहुण्यांना म्हणायचे, "बघा, किती ताजा आहे!"

एका मेजवानीत चिकाच्या पडद्याआडून आवाज आला, "मामंजी, आधी त्याला मारू द्या. फार दुखतंय त्याला."

बोलणारी होती राजांची नवी सून, सगुणाबाई. राजांना आजवर असं कोणी टोकलं नव्हतं.

"दुखतं, तर ओरडत का नाही?" राजे गरजले. "हा हूं की चूं करत नाही. दुखतं हे पटवून द्या, नाहीतर उद्यापासून मुदपाकखान्यात बसून तुम्हीच खवले काढा!"

सगुणाबाईंचा आवाज स्थिर होता. "मामंजी, लढाईत आपल्या मांडीत बाण रुतला होता म्हणे. वैद्यांनी तो कापून काढला, तेव्हा आपण किती ओरडलात?"

"ओरडलो? ब्रसुद्धा काढला नाही!" राजांनी मिशीवर ताव दिला.

"म्हणजे दुखलंच नसणार. मग त्यात शौर्य ते कसलं?"

राजांचा हात मिशीवरच राहिला. दुखलं म्हणावं तर मासा जिंकत होता, नाही म्हणावं तर जन्मभराची कीर्ती जात होती. अखेर त्यांनी आचाऱ्याकडे पाहिलं. "एका घावात संपव त्याला. यापुढे जिवंत माशाला सुरी लावायची नाही."

मग ते पडद्याजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दुखलं होतं, सूनबाई. फार दुखलं होतं."

ही गोष्ट त्यांनी आजवर राणीसाहेबांनाही सांगितली नव्हती.