उन्हाळा आखडला तेव्हा

फार फार उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत, एक राजा राहायचा. नाव तापसेन, पण त्याला सदा थंडी वाजायची, बरं का. त्याच्या राज्यात तीनशे घरं आणि तीन हजार मेंढ्या. डोंगरमाथ्यावर बर्फ होता, तो आपला वरच असायचा.

मग एकदा काय झालं, तो बर्फ खाली सरकायला लागला. घाईघाईनं नाही हं, गोगलगाईसारखा. पण थांबेचना. आधी त्याने पाणवठा गिळला. मग देवळाची पायरी गिळली. मग गावाच्या टोकाचं घर गिळलं, चुलीसकट! माणसं आधीच बाहेर पळाली होती, घाबरू नका. पांघरूण घ्या नीट.

राजा म्हणाला, "हा सगळा हिवाळ्याचा चावटपणा. त्यालाच धडा शिकवू."

मग भर हिवाळ्यात गावाभोवती शेकोट्या पेटवल्या. अर्धं रान जळून गेलं, बर्फ पुढेच. मग नगारे बडवले. बर्फाला कान कुठले? मग दगडी भिंत बांधली. बर्फाने तीच भिंत ढकलत ढकलत गावात आणली.

राजा चिडला. "उरलेलं रानही तोडा! आणखी मोठ्या शेकोट्या करा. आणि गाव सोडून कुणी जायचं नाही!"

रान संपलं की माणसं आणि मेंढ्या गारठून मरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पण राजापुढे बोलणार कोण?

गावात हौसाबाई नावाची धनगरीण होती. बोलायची कमी, बघायची फार. तिच्या घरची एक रीत होती. समोरच्या उतारावर उन्हाळ्यात जितके दिवस गवत उघडं दिसेल, तितक्या गाठी लोकरीच्या दोरीला मारायच्या. हौसाबाईने तीन दोऱ्या उचलल्या आणि राजापुढे पसरल्या.

"महाराज, ही माझ्या आजीच्या वेळची. शंभर गाठी. ही आईच्या वेळची. साठ. आणि ही यंदाची. वीस! हिवाळ्याला उगाच बोल लावतोय आपण. उन्हाळा आखडलाय. पडलेला बर्फ वितळतच नाही, मग त्याच्यावर नवा बसतो."

राजाने गाठी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "मग उन्हाळ्याला आखडलं कुणी? तीन दिवसांत सांग. चौथ्या दिवशी कुऱ्हाडी चालतील."

पहिल्या दिवशी हौसाबाई उंच कड्यावर चढली. "सूर्यदादा, तुम्ही थंडावलात का हो?"

"छे गं! मी आहे तसाच धगधगतोय. पृथ्वीला विचार."

दुसऱ्या दिवशी तिने बर्फाला गाठलं. बर्फ म्हणाला, "मी पांढरा. आलेलं ऊन परत धाडतो. जितका पसरतो तितकं जास्त धाडतो, म्हणून गारठा वाढतो. पण सुरुवात माझी नाही, बाई. पृथ्वीला विचार."

मग तिसऱ्या दिवशी तिने खडकाला कान लावला. मग अगदी खोलवरून, अगदी सावकाश आवाज आला.

"हौसा, मला तीन सवयी आहेत. सूर्याभोवतीची माझी वाट कधी गोल होते, कधी लांबट. त्याला लाख वर्षं लागतात. मी कलून चालते, तो कल कधी वाढतो, कधी घटतो. त्याला चाळीस हजार. आणि मी भोवऱ्यासारखी डुलते. एक डोल वीस-पंचवीस हजार वर्षांचा. तिन्ही सवयी जुळून आल्या, की उत्तरेच्या उन्हाळ्यात सूर्य लांब असतो आणि मी त्याच्याकडे कमी झुकलेली असते. मग तुमचा उन्हाळा आखडतो."

हौसाबाईचे डोळे भरून आले. भीतीने नाही, बरं का. एवढी मोठी पृथ्वी आपल्या पायांखाली डुलत होती, आणि आपल्या चुलीवरचं दूध कधी हिंदकळलं नव्हतं!

"मग बर्फ मागे कधी जाईल, माय?"

"जाईल, नक्की जाईल. पण तेव्हा तू नसशील, तुझी नातवंडंही नसतील."

हौसाबाईने हे सगळं राजाला जसंच्या तसं सांगितलं. राजाच्या दारापर्यंत बर्फ आला होता. राजा हळूच म्हणाला, "म्हणजे मी हरलो?"

"महाराज, भांडण असेल तर हार. पृथ्वी कुठं भांडतीय? ती आपली चालतीय. आपणही चालू या."

"आणि माझं सिंहासन? ते तर खडकात कोरलंय."

"राहू द्या की! बर्फ एवढा लांबून आलाय, त्याला बसायला नको?"

राजाला हसू फुटलं. किती वर्षांनी! त्याने कुऱ्हाडी ठेवायला लावल्या, स्वतः एक कोकरू खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे निघाला. तीनशे घरची माणसं आणि तीन हजार मेंढ्या दक्षिणेच्या हिरव्या खोऱ्यात उतरल्या. तिथे उन्हाळा लांब होता, गवत गुडघाभर होतं. सगळे सुखाने राहिले. राजाची थंडीसुद्धा पळाली.

आणि पृथ्वी? ती आत्ताही डुलते आहे, तुम्हाला सगळ्यांना घेऊन. कळतंय का काही? नाही ना? इतकी हळू, इतकी जपून झोके देते ती. मिटा डोळे.